पोटखराबा

सातबाऱ्यावर ह्या माळाचं नाव पोटखराबा.
दिघंचीच्या वर, दोनशे बारा हेक्टर,
आकार शून्य रुपये शून्य पैसे.
मी तिथे गवत मोजायला गेले
वैशाखात, म्हणजे जेव्हा मोजण्यासारखं काही नसतं,
असं तालुक्याच्या साहेबांचं मत.

माझ्याकडे एक लोखंडी चौकट, मीटर बाय मीटर,
आटपाडीच्या वेल्डरनं उरल्यासुरल्या सळईतून जोडलेली.
टाकायची, उकिडवं बसायचं, आतलं सगळं लिहायचं:
पवन्या, सात ठोंब. कुसळी, अगणित.
मारवेल एक, तीही मेंढीनं कातरलेली.
लेंड्या. खोकडाची विष्ठा, बोराच्या बियांसकट.
तिसऱ्या चौकटीपर्यंत कुसळांनी माझे मोजे पायाला शिवून टाकले होते.

बाणाबाई लवटे मेंढरं वळवून जवळ आली.
"काय हरवलंय?"
"काही नाही. गवत मोजते."
"मोजून?"
ह्या प्रश्नाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

पुढच्या आठवड्यात खड्डे आले.
म्हणजे आधी चुन्याच्या रेघा, मग फुल्या,
मग निम्म्या फुल्यांवर खड्डे, आणि खड्ड्यांत झाडं होणार होती.
फलक आधीच रोवला होता: हिरवा माणदेश.
रंग अजून ओला होता, त्याला चिलटं चिकटली होती.
कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.
मोकळं दिसलं की माणसाला तिथे झाड लावावंसं वाटतं,
रडत्या पोराच्या तोंडात काहीतरी कोंबावं तसं.

बाणाबाई एका खड्ड्यात उतरली, कासोटा सावरत,
आणि कडेच्या मातीला हात लावून म्हणाली, "ये, बघ."
मुरमातून केस लोंबत होते.
वर वीतभर वाळलेला ठोंब, चुलीत घालायच्याही लायकीचा नाही;
खाली तिच्या कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत,
खड्डा संपला तरी मुळं संपली नव्हती.
मी टोकाशी बोट खुपसलं.
बोट गार होऊन बाहेर आलं.
वैशाखात.

"नदी कुटं हाय म्हणतीस तू?"
मी खाली हात केला: ती वाळूची पट्टी,
डंपरच्या चाकोऱ्या, वेड्या बाभळी,
पुलाच्या सावलीत कुणीतरी मांडलेला क्रिकेटचा डाव.
नकाशात तीच निळी आहे,
कुळकजाईच्या डोंगरापासून भीमेपर्यंत.
"ती तर तिची वाट," बाणाबाई म्हणाली.
"ऱ्हाती ती हितं."

फुली क्रमांक चारशे सहाजवळ धाविकाची अंडी होती.
घरटं नव्हे; धाविक घरटं करत नाही.
खड्यांमधे दोन ठिपकेदार खडे.
मला दिसली नाहीत. तिनं काठीनं हवेत गोल काढला
तेव्हाही दिसली नाहीत.
मग पक्षी लांब पळाला, थांबला, परत पळाला,
जणू त्याचं इथे काहीच नाही,
आणि तेवढ्यावरून कळलं की आहे.

"लांडगे उरलेत का?" मी विचारलं.
"हाय एक लंगडी. माघात कोकरू न्हेलं माझं.
सात पिढ्यांचा उद्धार केला मी तिच्या."
थोडं चालली. मेंढीच्या खुरातला काटा काढला.
"पर झाडं वाढली का ती न्हाय ऱ्हायची हितं.
मंग शिव्या कुणाला द्यू?"

जाता जाता मी चारशे सहावरची फुली बुटानं पुसली.
एवढंच. हा काही उठाव नव्हता.
चारशे पाच आणि चारशे सात तशाच राहिल्या.
चारशे सातमधलं गिरीपुष्प जगलंसुद्धा.

अहवालात भूप्रकाराला तीनच पर्याय:
जंगल, शेती, पडीक.
मी समासात लिहिलं, नदीचं राहतं घर.
साहेबांनी त्याला लाल पेनानं गोल करून विचारलंय:
मालकी कोणाची?

उत्तर अजून पाठवलेलं नाही.
चौकट दाराशी टेकून आहे,
एका सांध्यात लोकर अडकलीय, काळी,
ती काढायची राहून जाते.