भंडारवाड्याची चावी

माझ्या बापाची चावी साडेचार फूट लांब,
पालिकेचा शिक्का झिजून गेलेला.
पहाटे माझगावच्या रस्त्यात तो वाकायचा,
लोखंडी झाकण उचलायचा,
आणि अकरा चाळींत आरोळी उठायची : आलं!
त्याला कोणी देव म्हटलं नाही.

देव नंतर आले.
एक समुद्रातून, एक उन्हातून.
भांडण कशाचं, हे पहिल्या वर्षी तरी
कोणीतरी सांगू शकत होतं.
आम्ही त्यांना नावं ठेवली,
दोन्ही अर्थांनी :
खारा आणि जळता.

खाऱ्याने भाऊचा धक्का गिळला, मग गोदी,
मग भायखळ्यापर्यंतचे जिने, एकेक पायरी मोजून.
जळत्याने शिवडीच्या टाक्या फुंकरीने पेटवल्या,
राणीच्या बागेतल्या झाडांचा
उभ्या उभ्या कोळसा केला.
मुंबईची पुन्हा बेटं झाली.
सात नाहीत. मी मोजलीत, चार.

खाऱ्याला हवी होती आमची नावं,
जळत्याला सावल्या.
परळच्या टेकडीने सावल्या दिल्या.
ती माणसं अजून आहेत म्हणतात,
दुपारी ओळखू येतात.
मलबार हिलने नावं दिली, आता तिथे
आया पोरांना नुसतं "ए" म्हणून हाक मारतात
आणि सगळीच पोरं वळतात.

आम्ही काहीच दिलं नाही.
शौर्य नव्हतं ते. जैनब मुकादम म्हणाली,
"आधी नेलेलं परत करा म्हणावं, मग बघू,"
आणि तोच ठराव झाला.
भंडारवाड्यावर नारळ फोडायचा तो खायला.
हात जोडायचे नाहीत,
हातांना काम आहे, टाकीची भिंत गळते.
वीज पडली तरी वर बघायचं नाही.
फिलोमिना परेरा बघायची, शिव्या द्यायला.
तिला सूट होती.

टेकडीच्या पोटात गोडं पाणी.
माणशी एक कळशी. मनगटावर खडूने नंबर.
रांगेत भांडण झालं की चावी बंद :
बापाचा नियम, मी बदलला नाही.

एकोणिसाव्या वर्षी, आश्विनात, रात्री
रांगेच्या शेवटी एकजण उभा.
मिठाने ओठ फाटलेले, पायाखालची माती ओली.
कुत्र्यांनी आधी ओळखलं.
कोणी पळालं नाही, नंबर गेला असता.
मी विचारलं, भांडं?
नव्हतं. सगळा अरबी समुद्र त्याचा
आणि एक तांब्या नाही.
जैनबने तेलाचा कापलेला डबा पुढे केला,
"परत आणून द्या," म्हणाली.
अहो-जाहो केलं, ते सवयीने.
मी खडूने लिहिलं : दोनशे बारा.
ओल्या कातडीवर आकडा उमटेना, तीनदा गिरवला.

दोनशे तेरावा आला तेव्हा अंधार तापला.
भुवया नव्हत्या त्याला, जीभ भाकरीसारखी करपलेली.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं,
आणि खाली पाण्याने, वर ढगांनी
करकरून दात खाल्ले.

मी चावी फिरवली.
पावणेदोन वळसे. धार, थेंब, मग थेंबही नाही.
रांगेतल्या सगळ्या माना मागे वळल्या,
मध्येच घुसणाऱ्याकडे बघतात तशा.
"तुमच्यामुळे," फिलोमिना म्हणाली.
एवढंच.
माझे गुडघे लटलटत होते, मी चावीला धरून उभी.
लोकांना वाटलं, ठाम आहे.

किती वेळ गेला, सांगता येत नाही.
मग जळता एक पाऊल मागे सरला.
नंबराप्रमाणे.

त्या दिवशी कुठे काही पेटलं नाही,
पाणी एकही पायरी चढलं नाही.
दुसऱ्या दिवशी शिवडीकडे धूर दिसला,
थोडा. चुलीचाही असेल.
मी फाटकावर लिहिलं :
उद्या पाणी साडेचारला.
भांडं ज्याचं त्याने आणावं.

जैनबचा डबा अजून आलेला नाही.
रोज विचारते.