निरंक

आमच्या गावात टँकर म्हणजे पाणी.
म्हणून एप्रिलात खाजा पठाणची गाडी
मोंढ्यामागच्या गल्लीत वळली की
बाया हंडे घेऊन धावायच्या,
आणि नळी कुठल्या भोकात उतरतेय हे दिसल्यावर
पदर नाकाला लावून, शिव्या देत माघारी.
शेवटी खाजानं पदरमोड करून
टाकीला मातकट रंग मारला,
पेंटरकडून दोन्ही बाजूंना लिहून घेतलं:
पाणी नाही.
रंगाचं बिल साडेसहाशे.
मी ते तीनदा परत पाठवलं. शीर्ष नाही म्हणून.

मी नगरपरिषदेत लेखापाल.
पाथरी रोडला, कचरा डेपोच्या पलीकडं
मैला गाळ प्रक्रिया केंद्र उभं राहिलं
ते सगळं वरच्या पैशांतून.
वरून निधी, वरून नकाशा,
कोनशिलेचा ग्रॅनाइटसुद्धा वरूनच,
फीत, पेढे, मांडव,
प्रत्येकाला शीर्ष होतं, प्रत्येकाची पावती माझ्याकडं आहे.
चालवायचं मात्र आम्ही.
डिझेल, गमबूट, वाफ्यांतली वाळू,
रात्रपाळीच्या माणसाचा पगार:
त्या रकान्यात गेल्या मार्चअखेर
मी वळणदार अक्षरात लिहिलं, निरंक.

वाफे जसोदा चावरिया बघते.
तिचा नवरा परभणीत एका टाकीत उतरला होता.
ती एवढंच सांगते.
उजव्या हाताचा मोजा धड आहे,
डाव्या हाताला दुधाची पिशवी, रबर लावून.
वाळलेला गाळ चुरून तिनं पुढं केला,
"मॅडम, आता वास नाही, बघा की."
मी बघितला.
दुरून.

सभेत विषय क्रमांक नऊ:
घरामागं दिवसाला एक रुपया.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
"लोक पाण्याची पट्टी भरीनात,
अन् तुम्ही हगायची पट्टी लावायलेत?"
सभागृह हसलं. मीही हसले.
इतिवृत्तात हसणं येत नाही.
आलं ते इतकंच: विषय पुढील सभेत ठेवावा.

जूनभर गाडी उभी होती.
ओढ्याला रात्रीच्या खाजगी गाड्या पुन्हा लागल्या,
दिवे बंद करून.

मग कुठून तरी चाळीस लिटर मिळालं
आणि यादीत प्रभाग चार आला,
त्यात माझं घर.
टाकी नेमकी कुठं, मलाच माहीत नव्हतं.
गवंड्यानं कधीकाळी वरून फरशी घातलेली,
तिच्यावर माझी स्कूटी.
खाजा पहारीनं ठोकत अंगणभर फिरला,
कान देऊन, डॉक्टरासारखा.
"इथं पोकळ बोलायलंय."
तीन फरश्या फुटल्या.
गाळ इतका घट्ट की नळी चोकली,
पातळ करायला पाणी ओतावं लागलं,
आठ दिवसांनी नळाला येणारं, भरून ठेवलेलं.
अकरा बादल्या. मी मोजत होते.

"किती सालाचं हाय?" खाजानं विचारलं.
पोरगी झाली तेव्हा हे घर बांधलं.
सासूबाईंचं शेवटचं वर्ष, नणंदेच्या लग्नातले पाहुणे,
सगळे इथंच साठलेले.
"एकोणीस," म्हणाले.
"मग लई उधारी झाली की तुमची."
तीनशे पासष्ट गुणिले एकोणीस.
सहा हजार नऊशे पस्तीस.
लीप वर्षं धरली नाहीत.

दुसऱ्या दिवशी रंगाचं बिल मंजूर केलं.
शीर्ष: इतर.
लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, उत्तर देईन.
त्याच दुपारी जसोदा पावतीपुस्तक घेऊन आली:
खताच्या सतरा गोण्या, साठ रुपयांनी,
मोसंबीच्या रोपवाटिकेवाल्यानं नेल्या.
जमा, एक हजार वीस.
एका खेपेच्या डिझेललाही पुरायचे नाहीत,
तरी तिनं नोटा दोनदा मोजून दिल्या
आणि मी, हात आखडता न घेता, घेतल्या.

अंगणात नवी फरशी बसवली नाही.
लोखंडी झाकण टाकलंय, कडीचं,
आल्यागेल्याच्या पायात येतं.
घरातले कुरकुरतात.
असू दे.
तीन वर्षांनी खाजाला ठोकत फिरावं लागू नये.
डिझेल असलं तर.