एकसष्टीला शिकवणी

लेकीनं वाढदिवसाला पाकीट दिलं.
वाटलं, आयर्लंडच्या बोटीची तिकिटं.
निघाली शिकवणी:
गाडी आणखी चांगली कशी चालवावी, सहा गुरुवार,
पैसे भरलेले, परत मिळायचे नाहीत.

एकोणतीस वर्षं मी टपाल वाटलं,
बाला ते त्राउसव्हनिद,
धुक्यात, बर्फात, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा.
एका मेंढीला कधी खरचटलं नाही.
आता मला कोण शिकवणार,
आणि काय?

नेरिस आली. पूर्वी रुग्णवाहिका चालवायची.
काखेत फाईल, बुटांना चिखल.
बसण्याआधी तिनं डावीकडच्या चटईकडे पाहिलं.
उजव्या पायाच्या जागी रबर झिजून
रुपयाएवढं भोक पडलेलं.
"इथं कोण बसतं?"
"बायको. मेइनिर."
"बरं," म्हणाली, आणि पट्टा लावला.

मग म्हणाली, दिसेल ते मोठ्यानं बोला.
मी म्हटलं, रस्ता.
पुढं?
रस्ताच.

तेव्हा ती बोलायला लागली, सावकाश,
आंधळ्याला कुणी खिडकीबाहेरचं सांगावं तशी.
फाटकातून ताजा चिखल बाहेर आलाय,
म्हणजे वळणापलीकडे ट्रॅक्टर.
दारोदार कचऱ्याचे डबे,
म्हणजे पुढं कुठंतरी मोठी गाडी उभी.
तारांचे खांब सरळ गेलेत,
रस्ता जाईलच असं नाही.
भिंतीवर दप्तर आहे.
मग पोरगं कुठंय?

मला या वाटेवरचं दार न् दार पाठ.
पण दोन दारांमधला रस्ता
मी दुसऱ्याच्या पत्रासारखा
नुसता वाहून नेला होता,
न उघडता.

तिचं पालुपद एकच:
जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.
तिसऱ्या गुरुवारी मी चिडलो.
म्हटलं, अशानं माणूस घरी कधी पोचायचा?
तिनं घड्याळ दाखवलं.
नेहमीपेक्षा दीड मिनिट उशीर.
त्या दीड मिनिटाचं मी आजवर काय केलं होतं
ते मला आठवेना.

गुत्त्यावर ग्विलिमनं विचारलं, मग, वसूल झाले का पैसे?
हिशेब सांगितला.
विम्यात सूट, अकरा पौंड.
प्रमाणपत्र मिळालं त्याच आठवड्यात
घरच्या फाटकाच्या खांबाला मी दार घासलं,
रंगाचे दोनशे चाळीस.
ग्विलिम इतका हसला की बिअर नाकात गेली.

मार्चमधली ती सकाळ त्याला सांगितली नाही.
रस्त्यावर शेण पडलेलं, अजून वाफाळत होतं.
मी पाय उचलला.
वळणापलीकडे गाय नव्हतीच.
एक पोरगा, पाठमोरा, भर रस्त्यात उकिडवा,
सायकलची चेन चढवत होता.
गाडी चाळीस पावलं अलीकडे थांबली.
त्यानं मान वर करून पाहिलंही नाही.
चेन बसली, हात विजारीला पुसले, गेला.

आधीचा मीसुद्धा थांबलोच असतो.
कदाचित.
न घडलेल्या गोष्टीची पोचपावती
कुठल्याच टपालानं येत नाही,
हे माझ्याशिवाय कोण जाणणार?

परवा मेइनिरच्या बहिणीकडे निघालो, बारमथला.
सवयीनं मी बडबडत होतो:
झाडाखाली ओली पानं,
पुढच्या व्हॅनला पोस्ट ऑफिस सापडत नाहीये,
डावीकडे म्हातारा, कुत्रा, लांब दोरी.
मेइनिर हूं नाही की चूं नाही.

एका सरळ टप्प्यावर क्षणभर पाहिलं.
तोंड किंचित उघडं, झोपलेली.
बूट काढून त्या भोकावर ठेवलेले,
आणि उजवा पाय
सैल,
कशावरच दाबलेला नाही.

वळण आलं.
मी आवाज खाली आणला,
पण बोलत राहिलो.