माया

खैरुन्निसा आपा हैदराबादला गेल्या, लेकाकडे.
टेम्पोत कपाट मावलं, पाटा-वरवंटा मावला,
शक्कर तेवढी मावली नाही.
‘दो दिन रोती, फिर तेरीच हो जाती,’ म्हणाल्या
आणि पिशवी माझ्या मशीनवर ठेवली.
पिशवी गुरगुरत होती.

माझी ढमी अकरा वर्षांची. एका कानाला चीर.
उदगीरच्या या गल्लीतले बोके तिनं पिटाळले,
एकदा तर फायनान्सच्या वसुलीवाल्यालाही.
तिनं पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि जेवली नाही.

मधलं दार लावलं. आत शक्कर, बाहेर ढमी,
खाली बोटभर फट.
फटीतून एक पंजा यायचा, हळदीच्या रंगाचा,
त्याच्यावर ढमीचा फटका.
रात्रीचा गोंधळ ऐकून समोरचे गुंडेराव म्हणाले,
‘सोडून या की एखादी मोंढ्यात, उंदरं लई हायेत.’
त्यांच्या पँटीची चेन मी अजून बसवली नाही.

शिवणाऱ्या बाईला चिंध्यांचा काय तोटा?
अस्तराचा तुकडा ढमीच्या गालावरून फिरवून
शक्करच्या पाटीत टाकायचा,
शक्करचा ढमीच्या पोत्यावर.
पहिल्या दिवशी ढमीनं चिंधी ओढत नेली,
न्हाणीत टाकली.
पाचव्या दिवशी तिच्यावरच झोपलेली दिसली.
तेवढा वेळ मी मशीन चालवली नाही.

वाट्या दाराच्या दोन अंगांना. दूध-भाकर, कधी सुकट.
रोज चार बोटं दाराकडे सरकवायच्या.
शक्करला ‘ये’ कळत नाही, ‘आजा मां’ म्हणावं लागतं;
माझ्या तोंडी ते वाकडंच येतं,
तरी येते बिचारी.

नळाला पाणी आलं त्या दिवशी दार उघडं राहिलं.
दहा दिवसांनी आलेलं पाणी,
घागरी बघू की मांजरं?
ओरडा, केस, एक सांडलेली बादली,
शक्कर कपाटावर,
खाली ढमी, शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखं.
पुन्हा दार. पुन्हा चिंधी.

आज दुपारी दोघी एका खोलीत होत्या.
एकमेकींकडे पाठ.
मी टेप घेऊन गुडघ्यावर बसले, मोजलं:
सव्वीस इंच.
परवा चाळीस होतं.

तेवढ्यात आपांचा फोन. ‘जमता क्या दोनों का?’

ब्लाऊज बेतताना मी रेघेवर कधी कापत नाही.
उद्या अंग भरलं, उसवावं लागलं,
म्हणून दोन बोटं माया सोडते आत.
म्हटलं, आपा,
इथं माया जरा जास्तच सोडलीय सध्या.

त्यांना कळलं नसावं.
‘दूध जरा गरम कर को देना,’ म्हणाल्या.