उखा

बोरीकाठच्या गावात, स्टँडसमोर, लिंबाखाली
संगमरवरावर सहा नावं.
चौथं : शिपाई उखा झिपरू महाजन.
बोट लावलं तर चटका बसला. वैशाख.

दोन लेकरं गेल्यावर केवळबाईनं
तिसरं उकिरड्यावर लोळवलं,
नाव ठेवलं उखा,
मरणानं नाक मुरडून पुढं जावं म्हणून.
एकवीस वर्षं तसं गेलंही.

आता तेच नाव सोनेरी अक्षरात.
पंधरा ऑगस्टला पोरं चिंचेनं घासतात,
हार घालतात.

आज आखाजी.
घागरीवर डांगर ठेवून म्हातारी घरीच.
इथं ती कधी येत नाही.
का, विचारलं,
तर चुलीतली आगारी विझेपर्यंत गप्प.
मग म्हणाली,
"त्यानं नाव इतलं चमकाडू नका, भाऊ.
कोनी देखी लई."