ही बाजू वर

सोहार बंदरातून आणलेली पाच पॅलेटं
अंगणात सोडवून चौकट ठोकली, तेव्हा
शेजारचा खल्फान भिंतीवरून म्हणाला,
"कोण गेलं?"
माप खरंच तसं होतं, सहा बाय तीन.
मी टेप पुन्हा धरला, अर्धा फूट वाढवला.
उगाच कुणाच्या तोंडाला लागा.

फळ्यांवर शिक्का होता:
लाकूड भट्टीत तापवलेलं आहे, कीड नाही, औषध नाही.
बावीस उन्हाळे मीही तापलोय इथे,
माझा शिक्का मात्र दर दोन वर्षांनी
नवा मारून घ्यावा लागतो.

हेमांगीचे वडील कृषी सहायक.
तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.
मीठ. फरशीच्या सांध्यांत येतं तेच,
माझ्या शर्टाच्या पाठीवर नकाशे काढतं तेच.
"जमिनीच्या वर राहायचं," ती म्हणाली,
"टेकायचं नाही."
हे आम्हाला बरं जमतं.

तळाला अंथरायला पुठ्ठा हवा होता.
एवढा मोठा पुठ्ठा घरात एकच,
पलंगामागे उभा असलेला,
टीव्हीचं खोकं, थर्माकोलसकट,
अकरा वर्षं जपलेलं.
परत जाताना टीव्ही त्यातच घालून न्यायचा
असं ठरलेलं.
इथे सगळ्यांचंच असं ठरलेलं असतं.
मिक्सरचं खोकं, इस्त्रीचं खोकं,
कपाटावर छतापर्यंत
रिकाम्या खोक्यांचा दुसरा संसार.

मी कटर घेऊन उभा.
ती म्हणाली, "मग टीव्ही कशात नेणार?"
मी म्हणालो, "नेणार आहोत?"
इतक्या मोठ्याने
हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नव्हतं.
आतल्या खोलीतला एसी ठिबकत राहिला.
मग तिनेच एक कोपरा पायाने दाबून धरला.
"काप. सरळ काप."

गोडी रेती आणली. खल्फानने शेळ्यांच्या लेंड्या दिल्या,
पैसे घेतले नाहीत, वर सावलीला खजुराच्या झावळ्या.
नारळाच्या भुशाची वीट पाण्यात टाकली की
फुगून घमेलं भरायची,
गावाकडे सांगितलेल्या माझ्या पगारासारखी.
पाणी एसीचं. नळीखाली बादली,
हवा पिळून काढलेलं, बिनमिठाचं.
त्यात समुद्र किती आणि आमचा घाम किती
कोण मोजतो. मेथीने तक्रार केली नाही.

पेरलं दसऱ्यानंतर.
मृगात इथे दाराची कडीही
फडक्याने धरावी लागते.
गवार उगवलीच नाही, बियाणं जुनं.
कोथिंबीर बुलबुलांनी खुडली.
वालाचा वेल भिंत ओलांडून गेला
आणि शेंगा तिकडेच धरल्या, निलाजरा.
खल्फानच्या बायकोने त्या शिजवून पाठवल्या,
वाळक्या काळ्या लिंबाबरोबर.
आम्ही भाकरीशी खाल्ल्या.
"जरासा गूळ हवा होता," हेमांगी म्हणाली,
आणि वाडगा बोटाने पुसून घेतला.

फेब्रुवारीत पहिला मुळा उपटायला बसलो.
येईना.
गुडघा फळीला लावून दोन्ही हातांनी ओढला,
तर अपेक्षेपेक्षा वीतभर जास्तच आला.
पुठ्ठा भोसकून
खालच्या त्या थुंकून टाकलेल्या जमिनीत
शेपूट गेलेलं त्याचं,
बारीक, पांढरं, आम्हाला न विचारता.
शेपटाला ओला तुकडा चिकटला होता.
त्यावर अजून ओळखू येणारा बाण
आणि काचेच्या पेल्याचं चित्र.

हेमांगीने मुळा माझ्या हातून घेतला.
बाण वर येईल असा फिरवून धरला,
पाला खाली, मूळ आभाळाकडे.
"असा न्यायचा होता होय,"
म्हणाली,
आणि आत किसायला घेऊन गेली.