तेरा भोकं

साखर पेठेत जकार्डच्या पुठ्ठ्यांना
भोकं पाडायचे गुंडेटी रामय्या.
भोक म्हणजे धागा वर, कोरं म्हणजे खाली.
चादरीवरचा मोर
असा हो-नाहीतून चालत यायचा.

एका दुपारी वीज गेली. अंधारात मी
एका ओळीत तेराच्या तेरा भोकं पाडून बसलो.
ते रागावले नाहीत. बोटांवर दुप्पट करत गेले,
ओकटी, रेंडू, नालुगू, एनिमिदी…
सगळ्याची बेरीज पुठ्ठ्यामागे लिहिली : ८१९१.
"हिला तोड बघू."

दोननं बाकी एक. तीननं एक.
पाच, सात, तेरा,
सगळ्यांच्या दारातून एकच उरून परत.
अकरानं सात उरले, तेव्हा वाटलं, दमली आता.
एकोणनव्वदपाशी बाकी तीन.
"बस," म्हणाले. "नव्वदाच्या आत फुटली नाही,
म्हणजे नाहीच फुटत."

(अकरा भोकांची फुटते.
तेवीस गुणिले एकोणनव्वद. तपासलंय.)

पूर्ण हातांच्या मापाच्या
कुठल्याही दोन चौरस चादरी घ्या,
मिळून ८१९१ चौरस हात भरत नाहीत.
हे फार नंतर कळलं, रामय्या गेल्यावर.

त्या दिवशी वीज आली
आणि त्यांनी तो पुठ्ठा तसाच मागावर चढवला.
तेराही धागे एकदम वर.
धोटा खालून निघून गेला, कुणालाच न शिवता.

मालकानं चादर पगारातून कापली.
अजून आहे. मोराच्या मानेपाशी, उलट बाजूला,
एक धागा सैल आहे.
बोट अडकतं.